ढ म्हणवून घेण्यापेक्षा तोफानी बरं

सहावीचा वर्ग, दुपारची पाळी, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. मी ओळीने वाचन घेत होते. पहिल्या बाकापासून एकेकाने उभं राहून चार ओळी वाचायच्या, मग मागच्याने पुढे न्यायचं. खिडकीकडच्या रांगेत पाचव्या बाकावर एक मुलगा बसायचा. शिपायापासून आचार्यांपर्यंत, म्हणजे मुख्याध्यापकांपर्यंत, सगळी शाळा त्याला ओळखत होती. मस्तीखोर मुलाला आमच्याकडे ‘तोफानी’ म्हणतात. शब्द गुजराती, पण बडोद्याच्या मराठी घरांतही तोच चालतो. तिसऱ्या बाकावरची मुलगी वाचत असताना याने पुढच्याच्या पाठीत कंपासचं टोक खुपसलं. “बेन, आ मने मारे छे!” (बाई, हा मला मारतोय!) असा ओरडा झाला आणि मी नेहमीसारखं दाराकडे बोट केलं. तो उठला, बाहेर गेला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. परीक्षेचा पेपर पुढे ढकलला गेल्यावर मुलांचे चेहरे होतात तसा त्याचा चेहरा होता.

ते एकदा दिसल्यावर मी पुढचे पंधरा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवलं. गणिताच्या तासाला तो कधी बाहेर जात नसे. तोंडी हिशेबात वर्गात पहिल्या तिघांत त्याचा नंबर. बापाची मंगळबाजारात लारी, म्हणजे हातगाडी, होती आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाला सुट्टे मोजून द्यायचं काम याचं. मारामारी व्हायची ती भाषेच्या आणि समाजविद्येच्या तासाला, आणि तीही पाळी त्याच्यापासून दोन मुलांवर आली की. तो मोजत होता. वाचन आपल्यापर्यंत यायला किती वेळ आहे, हे त्याला बरोबर ठाऊक असायचं. सहावीतल्या त्या मुलाला जोडाक्षरं तर सोडाच, काना-मात्राही धड लागत नव्हत्या. आणि मी त्याला रोज बाहेर पाठवून त्याची अडचण रोज सोडवून देत होते.

मी १९९० मध्ये पीटीसी, म्हणजे प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण, करून म्युनिसिपालिटीच्या शाळेत लागले आणि २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर निवृत्त झाले. घर दांडिया बाजारात, बोलणं मराठी, शिकवणं गुजरातीतून. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं विश्वामित्री नदीच्या काठच्या वस्त्यांतून येत. कुणाच्या घरी अहिराणी, कुणाकडे राठवी, कुणाकडे भोजपुरी, आणि दप्तरात सगळ्यांच्या गुजराती पुस्तक. निवृत्तीनंतर लोक भेटतात तेव्हा एकच बोलतात: “बाई, तुमच्या वेळी धाक होता. आता छडी गेली आणि शिस्तही गेली.” नोकरीत असलेल्या माझ्या मैत्रिणीही हेच म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत. पंचेचाळीस मुलांचा गोंगाट, त्यात चार जण खिडकीवर चढलेले, दोघांच्या हातात एकमेकांची कॉलर, हे ज्याने रोज सोसलं नाही त्याने शिक्षकांना मानसशास्त्र शिकवू नये. पण छडी गेली म्हणून शिस्त गेली, हे मला मान्य नाही.

छडीवर माझाही विश्वास होता. आपल्याकडे ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम’, तर गुजरातीत ‘सोटी वागे चमचम, विद्या आवे रमझम’. लहानपणी घरात एक ऐकलं आणि शेजारी दुसरं. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी एका मुलाला फूटपट्टीच्या धारेने मारलं. तळहातावर नाही, बोटांच्या सांध्यांवर. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा दोन बोटं सुजलेली होती आणि पेन्सिल धरता येत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. मी घाबरले होते. ती बिचारी पदराने तोंड पुसत म्हणाली, “बेन, हाडकं आमची, चामडी तुमची. मारा, पण याला शिकवा.”

त्या बाईचं वाक्य मी आयुष्यभर वागवलं. शिक्षक हे वाक्य नेहमी पुरावा म्हणून सांगतात, की बघा, पालकांनाच मार हवा असतो. तिने दोन गोष्टी मागितल्या होत्या. पहिली मी आधीच दिलेली होती. दुसरी तिला कुणी देत नव्हतं. सात-आठ घरची भांडी घासणाऱ्या बाईला शाळेत काय चालतं ते कळायला मार्ग नसतो. वही तिला वाचता येत नाही, प्रगतिपत्रक वाचता येत नाही. मुलाच्या अंगावरचा वळ तेवढा वाचता येतो. बेनचं आपल्या पोराकडे लक्ष आहे, एवढं त्यावरून तिला कळतं. मार मागणारी आई खरं तर लक्ष मागत असते, आणि आम्ही तिच्या तोंडचे शब्द आमच्या सोयीने ऐकले.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी केली. चांगलं झालं. पण आमच्या शाळेत त्या बंदीसोबत काय आलं? एक परिपत्रक आलं, वाचल्याची सही घेतली गेली. मारू नका हे सांगितलं. मारण्याची वेळ येते तेव्हा काय करायचं, हे शिकवायला कुणी आलं नाही. त्यामुळे बऱ्याच शिक्षकांच्या मनात कायदा म्हणजे आपल्या हातातून काहीतरी काढून घेतलं एवढंच राहिलं. ज्यांची जीभ तिखट होती त्यांनी हाताऐवजी ती वापरायला सुरुवात केली. ‘गटारातले ते गटारातलेच’ हे वाक्य मी स्टाफरूममध्ये ऐकलं आहे आणि वर्गाच्या भिंतीपलीकडूनही ऐकलं आहे. त्याचा वळ उठत नाही म्हणून ते चालून जातं.

छडीच्या काळातली ती शांतता आठवून हळहळणाऱ्यांना मी एक विचारते. तुमच्या सातवीत किती मुलं होती आणि पहिलीत किती होती? माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पहिलीला दोन तुकड्या भरायच्या आणि सातवीला एक, तीही अर्धी. ज्यांना वाचता येत नव्हतं ती मुलं तोवर गॅरेजमध्ये, चहाच्या लारीवर, लहान भावंडांच्या पाळण्याशी गेलेली असत. जी उरत ती शांत बसत. छडीने शिस्त लावली असं आम्हाला वाटायचं. आता ती मुलं शाळेत राहतात. सहावीत, सातवीत, आठवीत पोचतात, ही या देशाने कमावलेली गोष्ट आहे. फक्त ती मागच्या बाकापर्यंत पोचली आहेत, पुस्तकापर्यंत पोचलेली नाहीत. अकरा-बारा वर्षांच्या निरोगी मुलाने न कळणाऱ्या अक्षरांपुढे रोज पाच तास हाताची घडी घालून बसावं, ही अपेक्षा आपण मोठ्या माणसाकडून तरी करू का?

माझं म्हणणं एवढंच आहे. वस्तीतल्या शाळेत दंगा करणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना वाचता येत नसतं, आणि ते झाकायला ती दंगा करतात. तोफानी म्हणून नाव झालं तर मित्रांत वट राहते. ढ म्हणून झालं तर काहीच राहत नाही. मुलाने यातलं काय निवडावं? त्याने शहाणपणानेच निवडलेलं असतं. म्हणून शिस्तीचा प्रश्न सोडवायचा तर आधी वाचनाचा सोडवावा लागतो. बैठकींमध्ये मी हे बोलले की लोक म्हणायचे, “बाई, हे म्हणजे घोड्याआधी गाडी. आधी वर्ग शांत तर होऊ दे, मग वाचायला शिकवू.” चौतीस वर्षांत तसा आधी शांत झालेला वर्ग मला भेटला नाही.

याचा एक मोठा प्रयोग याच शहरात होऊन गेला आहे आणि बडोदेकरांनाच तो फारसा ठाऊक नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबईत आणि बडोद्यात म्युनिसिपालिटीच्या शाळांतून शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेने बालसखी हा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गातून वेगळी काढायची आणि वस्तीतलीच शिकलेली एखादी तरुण मुलगी त्यांना अक्षरं, बेरीज-वजाबाकी असं अगदी मुळापासून शिकवणार. या मुलींना पगार नाममात्र होता, पदव्या नव्हत्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं काटेकोर मोजमाप केलं. पुढे २०१९ मध्ये ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांतले हे दोघे. बालसखीकडे गेलेली मुलं स्पष्टपणे पुढे सरकली आणि जी सर्वांत मागे होती त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला.

त्या मोजमापातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ही मुलं दोन तास बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान होत होता. तिथे उरलेल्या मुलांना त्या लहान वर्गाचा म्हणावा तसा फायदा झाला नाही. आम्ही शिक्षक सतत पटसंख्येवर बोट ठेवतो. कायद्यात सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक आहे आणि तो मिळालाच पाहिजे. पण पस्तिसांना तेच पान त्याच पद्धतीने शिकवलं, तर मागची दहा मुलं पंचेचाळिसांच्या वर्गात होती तिथेच राहतात. आणि हेही सांगायला हवं की उपक्रम संपल्यावर वर्षभरात त्या कमाईतला बराच भाग ओसरला. हे काम एकदा करून प्रमाणपत्र घेण्याचं नाही. दरवर्षी, दर तुकडीला करायचं आहे.

आमच्याकडे त्याला ‘उपचारात्मक वर्ग’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, त्यात मूल आजारी ठरतं. अशा वर्गाला नाक मुरडणाऱ्यांना मी कवळाण्याची गोष्ट सांगते. १८७५ मध्ये मालेगावजवळच्या कवळाणे गावातून बारा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक म्हणून बडोद्याच्या राजवाड्यात आणला गेला. त्याचं तोवर धड शिक्षण झालेलं नव्हतं. तो माझ्या वर्गात आला असता तर वयाने सहावी-सातवीत बसला असता आणि वाचनाची पाळी आल्यावर त्यानेही कुणाच्या पाठीत काहीतरी खुपसलं असतं. त्याच्यासाठी शिक्षक नेमले गेले, तो होता तिथून सुरुवात झाली, आणि सहा वर्षांत तो राज्यकारभार हाती घेण्याइतका तयार झाला. सयाजीराव महाराजांना कुणी ढ म्हटलं नाही. या शहरातला सर्वांत यशस्वी उपचारात्मक वर्ग राजवाड्यात भरला होता. पुढे याच महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. उशिरा शिकायला लागणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं.

आता वर्गात हे करायचं कसं? मी जे केलं ते सांगते, आणि ते करायला मला निम्मी नोकरी लागली. आचार्यांना राजी करून आम्ही तिघी बेननी पहिला तास एकत्र केला. सहावी, सातवी, आठवीची मुलं त्या तासापुरती इयत्ता सोडून वाचनाप्रमाणे बसायची. पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. आठवीतला मिसरूड फुटलेला मुलगा अक्षरओळखीच्या गटात बसेना. समोर कमळाच्या क चं, बदकाच्या ब चं पुस्तक होतं. मी असते तर मीही बसले नसते. पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्यांना घरून छापील काहीही आणायला सांगितलं. वेफर्सची पाकिटं आली, पतंगाच्या दुकानाची पावती आली, गरब्याचे पास आले, औषधाच्या चिठ्ठ्या आल्या. कंपासवाल्या मुलाने आयुष्यात आधाराशिवाय वाचलेला पहिला शब्द ‘बालाजी’ होता, वेफर्सच्या पाकिटावरचा. दोन महिन्यांनी तो घरचं लाइटबिल घेऊन आला. नाव, जुनं रीडिंग, नवं रीडिंग, भरायची शेवटची तारीख, सगळं बोट ठेवून वाचलं. बाप दर वेळी शेजाऱ्याला विचारून बिल भरायचा, ते आता याचं काम झालं. त्यानंतर तो मस्ती करायचा थांबला का? नाही. पण पाळी दोन बाकांवर आली की करायची ती थांबली.

बाकी ज्या गोष्टी उपयोगी पडल्या त्या लहान आहेत. मुलं वर्गात शिरताना मी दारात उभी राहायचे आणि प्रत्येकाला नावाने हाक मारायचे. वस्तीत रात्री काय झालं असेल ते पहिल्या दहा सेकंदांत तोंडावर दिसतं. फळ्यावर काहीतरी आधीच लिहून ठेवायचे, म्हणजे बसल्या बसल्या हाताला काम. न वाचता येणाऱ्याला सगळ्यांसमोर अचानक उभं करायचं नाही. वाचायच्या चार ओळी त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायच्या. आणि बाहेर काढणं बंद. हे सर्वांत जड गेलं. रागाच्या भरात बोट दाराकडे जातंच. ते वळवून स्वतःच्या टेबलाशेजारच्या स्टुलाकडे करायला मला एक अख्खं सत्र लागलं.

सगळीच तोफानी मुलं अशी नसतात, हे मान्य करायला हवं. प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं अशी असतात ज्यांचं दुखणं वाचनाच्या पलीकडचं असतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं. शाळा उघडल्यावर एक एरवी गरीब असलेला मुलगा दिसेल त्याला मारत सुटला. खिशात ब्लेड होतं. दोन रात्री तो कुटुंबासोबत दुसऱ्याच्या गच्चीवर होता आणि खालून मगर गेल्याचं त्याने पाहिलं होतं. आमच्याकडे हे काही कल्पनेतलं नाही, नदीत मगरी आहेतच. ब्लेड काढून घेतलं, त्याला जवळ बसवलं, दुसरं मला काय करता येणार? अशा मुलासाठी शाळेत समुपदेशक हवा. मी माझ्या नोकरीत एकही पाहिला नाही. हे काम शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडणं हा मुलावर आणि शिक्षकावर, दोघांवर अन्याय आहे. पण या दोघा-तिघांकडे बोट दाखवून उरलेल्या वीस जणांचा प्रश्न टाळू नये.

काहीजण विचारतात, मग हुशार मुलांचं काय? त्यांनी काय पाप केलं? खरा प्रश्न आहे. पुढच्या बाकावरच्या मुली सहा तासांतला अर्धा वेळ बेन कुणाला तरी ओरडत असलेलं ऐकतात. कामावरून आल्यावर आई विचारते काय शिकलीस, तर सांगायला काही नसतं. आजच्या व्यवस्थेत सर्वांत जास्त लुबाडल्या जातात त्या याच मुली. मागची मुलं वाचायला लागली तर त्यांना त्यांचा तास परत मिळतो. आणि शिक्षणहक्काच्या कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत मुलाला मागे ठेवायची जी मुभा दिली, त्याने हे होणार नाही. जे पुस्तक यंदा कळलं नाही ते पुढच्या वर्षी त्याच पद्धतीने समोर ठेवलं तर मुलगा एक वर्षाने मोठा, उंच आणि जास्त संतापलेला होऊन तिथेच बसेल.

आणि शिक्षक वर्गात हवा. ही मागणी इतकी साधी आहे की लिहायला संकोच वाटतो. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांसाठी शिक्षकाला जुंपायला कायद्याच्या कलम २७ नेच वाट मोकळी ठेवली आहे. बीएलओचं काम म्हणजे मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरणं. ते देशाचं काम आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या शेजारच्या वर्गातली बेन त्यासाठी गेली की तिची मुलं माझ्या वर्गात येत. मग बाकावर तिघांऐवजी चौघं, आणि पहिल्या तासाचे गट त्या आठवड्यापुरते बंद. गट एक आठवडा बंद राहिले की पुन्हा बसवायला तीन आठवडे लागत. गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रात आमची रोजची हजेरी पोचते. मूल शाळेत आलं की नाही हे तिथे कळतं. जूनमध्ये प्रवेशोत्सव होतो, पुढारी येतात, पहिलीच्या मुलांना दप्तर मिळतं. मला वाटतं त्याच दिवशी त्या पाहुण्यांनी सहावीच्या मागच्या बाकावर दहा मिनिटं बसावं आणि शेजारच्या मुलाला हळूच एक ओळ वाचायला सांगावी.

कंपासवाल्या मुलाच्या कितीतरी आधी माझ्या वर्गात आणखी एक मुलगा होता. त्याला मी मारलं नाही. तोवर मारणं सोडलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. मी त्याला बाहेर पाठवायचे. तो पाण्याच्या टाकीजवळ बसायचा, नळ चालू-बंद करायचा, दुसऱ्या वर्गांच्या खिडक्यांतून डोकवायचा. दिवाळीनंतर तो आला नाही. चौकशी केली तर मकरपुऱ्याला कुणाच्या तरी शेडमध्ये कामाला लागला होता. वर्ष संपताना मी हजेरीपत्रकाची बेरीज केली. दिवाळीपर्यंतच्या बहुतेक सगळ्या दिवसांवर त्याची हजेरी लागलेली होती, माझ्याच अक्षरात. त्यातले किती तास तो वर्गात होता, हे त्या पत्रकात लिहायला रकाना नव्हता.